वहिनींच्या रंगीत बायका: भडक की बरोबर?

आयर्विन_पूल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. धागा माझ्या थोरल्या वहिनींसाठी काढतोय, त्यांना विचारूनच. "सांभाळून लिहा असं सांगू का लोकांना?" म्हटलं, तर म्हणाल्या, "नको भावजी, सांभाळून बोलणारी माणसं घरात भरपूर आहेत."

आम्ही सांगलीचे, गावभागातले. वहिनी चित्रकला कुठे शिकलेल्या नाहीत. शाळेत एलिमेंटरी दिली, इंटरमिजिएट राहिली ती राहिलीच. पुतण्याची दहावी झाली तेव्हा त्याच्या दप्तरात तेलखडूची अर्धी पेटी शिल्लक होती. ती टाकवेना म्हणून वह्यांच्या पुठ्ठ्यांवर काढायला सुरुवात केली. मग तेलखडू सुटले आणि सॉफ्ट पेस्टल आले, पुठ्ठे सुटले आणि काळे-करडे कागद आले. विषय मात्र एकच राहिला, बायका. इरकल नेसून बाजाराला आलेल्या, यार्डात हळद निवडणाऱ्या, स्टँडवर पिशव्या राखत बसलेल्या, साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट चढवून द्राक्षबागेत निघालेल्या. रंग म्हणाल तर चेहऱ्याला जांभळा, मानेला निळा, गालावर नारिंगी. आम्हाला सवय झालीये.

मध्यंतरी इथल्याच एका प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली. एका शिकलेल्या चित्रकार गृहस्थांनी सगळी चित्रं नीट बघितली (हे मान्य करायला हवं, नीट बघितली) आणि म्हणाले, रंग भडक आहेत, बाईचा चेहरा जांभळा नसतो, अ‍ॅनॅटॉमी कच्ची आहे, आधी रीतसर फाउंडेशन कोर्स करा. दुसऱ्या एका बाईंना घागरवाली आवडली होती, पण सोफा मरून आहे म्हणून तिचं लुगडं त्या रंगात करून मिळेल का, असं विचारत होत्या.

वहिनी तेव्हा काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर काढलेल्या दोन चित्रांत रंग एकदम शांत झालेत. मला ती चित्रं मेलेली वाटतात. म्हणून विचारतो, रंग कमी करावेत का? आता या वयात क्लास लावावा का? आणि पावसाळ्यात चित्रांवर बुरशी येते तिचं काय करायचं? फोटो खाली देतोय, मोबाईलवरचे आहेत.

तिरकस

फोटो एक आणि सहा दिसत नाहीयेत. बाकीचे बघितले.

स्पष्ट बोला म्हणताय तर घ्या. घागरवाली, दिवेवाली, मोगऱ्याचा गजरावाली, या तिघी कुठल्याही हॉटेलच्या रिसेप्शनमागे असतात. सगळ्यांना एकच नाक, एकच अर्धे मिटलेले डोळे. नऊवारी नेसवली की बाई मराठी होते असं चित्रकारांना कुणी सांगितलंय कोण जाणे. रंग भडक आहेत की नाहीत हा प्रश्न नंतरचा.

शर्टवाली मात्र वेगळी आहे. तिच्यापाशी थांबलो.

माणदेशी_मी

तिरकस, नाकाबद्दल सहमत, पण जरा दमानं. पहिल्यांदा बायका काढताना सगळेच आरशातलं नाक काढतात.

मला हळदवाली आवडली. आमच्या मावशी हळदीच्या सीझनला कामाला जायच्या. घरी आल्यावर पापण्यांच्या केसांपर्यंत पिवळ्या. हरिपूरच्या पेवांचे (हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांचे) दिवस त्यांनी बघितलेले. या चित्रात पापण्या पिवळ्या आहेत! हे बघितल्याशिवाय कुणाला सुचायचं नाही.

रेघोट्या

मी मूळची साताऱ्याची, आता पुण्यात असते, पेस्टलमध्येच काम करते. आधी थेट उत्तर देते: रंग अजिबात कमी करू नका. कारण जरा लांब आहे.

तैलरंगात तुम्ही पॅलेटवर रंग कालवता आणि हवी ती छटा जमली की लावता. पेस्टलला पॅलेटच नाही. कांडी म्हणजे कोरडं रंगद्रव्य, खडूची भुकटी आणि नावापुरता गोंद. हवी ती छटा पेटीत नसेल तर दोन-तीन कांड्या कागदावरच एकमेकींशेजारी, एकमेकींवर ओढायच्या आणि मिसळण्याचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवायचं. त्यामुळे पेस्टलमधला चेहरा जवळून हिरवा-जांभळा दिसतो आणि चार पावलं मागे गेलं की कातडी दिसते. फ्रेंच चित्रकार देगाच्या उतारवयातल्या, न्हाणाऱ्या बायकांची पेस्टलं मोठी करून बघा. पाठीवर हिरवे, निळे, गुलाबी फराटे आहेत आणि पाठ जिवंत आहे. वहिनींचा रंग त्यांच्या माध्यमातूनच आलाय.

दुसरं, सावळ्या कातडीचं. शाळेच्या पेटीतला मुलं ज्याला 'स्किन कलर' म्हणतात तो गुलाबीसर खडू आपल्याकडच्या बहुतेक बायकांसाठी बिनकामाचा आहे. उजेड दाखवायला पांढरा घासला की सावळा चेहरा भुरकट होतो, आजारी दिसतो. सावलीला काळा घेतला की मळतो. मग करायचं काय? सावलीला गडद जांभळा किंवा इंडिगो. मधल्या भागाला बर्न्ट सिएना, विटकरी. उजेडाला नारिंगी आणि पिवळसर पीच. कपाळावर किंवा गालाच्या हाडावर वरून आभाळाचा उजेड पडतो तिथे फिकट निळ्याचा एकच फराटा, तोही न चोळता. हे मला शिकवणाऱ्यांनी शिकवलं. तुमच्या वहिनींनी अर्ध्या पेटीवर शोधून काढलंय. त्या गृहस्थांना हे दिसलं नाही याचं नवल वाटतं.

आता तक्रार. वहिनी फार चोळतात. फोटो तीनमधला गाल बोटाने घासून गुळगुळीत केलाय आणि तिथेच चित्र विझलंय. पेस्टलची चमक कागदाच्या खाचांमुळे येते. काही दाणे वर राहतात, मधून मधून कागदाचा रंग डोकावतो. सगळ्या खाचा भुकटीने भरल्या की वरचा रंग धरत नाही, नुसता घसरतो. असं झालं तर राठ ब्रशने हलकेच झाडून काढा आणि पुन्हा लावा. शेवटचे फराटे लावले की हात मागे!

कागद कोणता वापरतात? कॅन्सनचा मी-तांत मिळाला तर बघा, १६० जीएसएमचा, भरपूर रंगांत येतो. त्याच्या एका बाजूला मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. ती चेहऱ्यात उठून त्रास देते. उलटी, बारीक पोताची बाजू घ्या. सावळ्या चेहऱ्यांना विटकरी किंवा गडद निळा कागद सुंदर बसतो, निम्मं काम कागदच करतो.

आयर्विन_पूल

बापरे, केवढे टंकनश्रम! धन्यवाद. कागद आतापर्यंत स्टेशनरीच्या दुकानातला काळा कार्डशीट आहे. वहिनी तुमचा प्रतिसाद दोनदा वाचून उठून गेल्या आणि तो गाल झाडून आल्या.

खडूफळा

मी विट्याचा, निवृत्त चित्रकला शिक्षक. रेघोट्या यांचं पेस्टलबद्दलचं सगळं मान्य. पण त्या गृहस्थांना एवढं धुण्याची गरज नाही. त्यांचं निदान चुकलं असेल, दुखणं खरं आहे.

रंग भडक का वाटतो? सावळाराम हळदणकरांचं ते हातात समई घेतलेल्या बाईचं चित्र सगळ्यांनी बघितलेलं आहे. (बरेच लोक ते रविवर्म्याचं समजतात. ते हळदणकरांचं आहे, जलरंगातलं, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि मॉडेल म्हणून त्यांची मुलगीच उभी होती.) त्यात चेहरा नारिंगी आहे. बोटं तर आतून पेटल्यासारखी तांबडी आहेत. त्या चेहऱ्याला भडक म्हणालेलं कुणी मला भेटलेलं नाही. का? ज्योत तळव्याआड असली तरी ती कुठे आहे हे बघणाऱ्याला लगेच कळतं. नारिंगी कुठून आला याचा हिशेब चित्रातच आहे.

वहिनींच्या फोटो चार आणि पाचमध्ये हा हिशेब लागत नाही. डाव्या गालावर नारिंगी आहे, म्हणजे ऊन डावीकडून. मग पदराची घडी उजवीकडून कशी उजळली? कानामागे निळी सावली आहे, पण हनुवटीखाली पुन्हा नारिंगी. जांभळा असू दे, हिरवा असू दे, पण उजेड एका बाजूने आला पाहिजे. शांत रंग वापरले तरी हा दोष जाणार नाही, फक्त लपेल. नंतरच्या दोन चित्रांत तेच झालं असणार.

उपाय साधा आहे. घरातल्या कुणालाही खिडकीशी बसवा, बाकीचे दिवे बंद. आधी फक्त तीन खडू घ्या, एक गडद, एक मधला, एक उजळ. उजेड-सावली जमली की मग हवा तो रंगाचा दंगा करा.

आणि हात. सगळ्या बायकांचे हात पदराखाली, घागरीमागे, नाहीतर पिशवीत. माझ्याकडे परीक्षेला पोरं हेच करायची.

तिरकस

सर, पण हिरवा-जांभळा चेहरा म्हटलं की फ्रेंच चित्रकार मातीसचं नाव यायलाच हवं. १९०५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याने स्वतःच्या बायकोचं टोपीवालं चित्र लावलं, तोंडावर हिरवे पट्टे. लोक हसले, समीक्षकांनी झोडपलं. आणि उजेडाचा हिशेब त्यात तरी कुठे लागतो?

खडूफळा

लागत नाही, बरोबर. पण तो हिशेब त्याने जाणूनबुजून सोडला. त्याआधी हा माणूस वकिली शिकून चित्रकलेकडे आला, चित्रकार मोरोच्या हाताखाली शिकला, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात बसून जुन्या चित्रांच्या नकला केल्या. त्याला उजेड दाखवता येत होता. मला वहिनींना मातीस व्हायला सांगायचं नाही आणि अडवायचंही नाही. येत असून सोडलं, इतकीच माझी अट.

बेदाणा

राम राम. आम्ही तासगावकडचे, द्राक्षवाले. चित्रातलं कळत नाही, पण शर्टवालीबद्दल बोलायला आलो.

बाईचं सगळं बरोबर हाय बघा. शर्टाची बाही मनगटापर्यंत, कॉलर वर, डोक्याला स्कार्फ असा गुंडाळलेला की नुसते डोळे दिसावेत. आमच्याकडं बागेत अशाच येतात. ऊन, पानांची खाज आणि औषधाचा वास, तिन्हीपासून बचाव. कुणीतरी खासगीत मला म्हणालं की पानं निळी कशी, बाईंना रंग कळत नाही. अहो, पावसाळ्यात बोर्डो मारला की पानं निळसर-पांढरीच दिसतात. मोरचूद आणि चुना. शर्टावर पण डाग पडतात, आणि ते डागसुद्धा काढलेत!

फक्त एक. मागं घड लोंबताना दिसतात. बोर्डोच्या दिवसांत घड नसतात. तेव्हा एप्रिल छाटणीनंतरची नुसती काडी वाढत असती, शेंडे खुडायचं काम चालतं. माल धरतो तो ऑक्टोबर छाटणीनंतर. तेवढं खोडायला सांगा.

सावळी_सांगलीची

नमस्कार. मीच ती वहिनी. भावजींनी खातं काढून दिलं, मराठी टाइप करायला वेळ लागतो, समजून घ्या.

बेदाणा दादा, ते घड नव्हेत. तारेला अडकवलेल्या जेवणाच्या पिशव्या आहेत, जांभळ्या आणि हिरव्या. बायका आल्या आल्या तारेलाच अडकवतात, मुंग्या लागू नयेत म्हणून. फोटो लांबून काढलाय.

खडूफळा सर, हात काढता येत नव्हते म्हणून लपवले, त्यात काय लपवायचं. काल जाऊबाईंना मेथी निवडायला खिडकीत बसवलं आणि तीन खडू घेतले. त्यांनी एक जुडी संपवली तरी माझा एक अंगठा झाला. त्या म्हणाल्या, आता पालक आणते.

तिरकस, एकच नाक आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सगळी चित्रं भिंतीला लावून बघितली. आहे. ते माझ्या आईचं नाक आहे.

घागरवाली विकली जाते. तेलखडू संपले होते तेव्हा घागरवाल्यांच्या पैशातून सॉफ्ट पेस्टलची पहिली पेटी आली, त्यामुळे तिला नावं ठेवणार नाही मी. पण सोफ्याचा रंग विचारणाऱ्या बाईंना नाही म्हणाले. शर्टवाली कुणी घेत नाही. एकाने विचारलं होतं, ही बाई गरीब आहे का? मी म्हणाले, तिला विचारा.

बेदाणा

पिशव्या! मग बरोबर. शब्द मागं.

माणदेशी_मी

वहिनी, एकदा औंधला जाऊन या. सांगलीहून कराड, पुसेसावळी करत जाता येतं, साताऱ्याकडून यायचं तर रहिमतपूरमार्गे. यमाईच्या डोंगराच्या कुशीत भवानी संग्रहालय आहे, १९३८ सालचं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं. संस्थानिक असून स्वतः चित्रं काढणारा माणूस. रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, धुरंधरांची आहेत, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई-मुलाचं दगडी शिल्पसुद्धा आहे (खटाव तालुक्यात हेन्री मूर, आहे की नाही गंमत). छापील कॅलेंडरवर बघितलेली रविवर्म्याची बाई आणि समोर असलेली बाई यात किती फरक आहे ते कळेल. निघण्याआधी सुट्टीचा वार तेवढा विचारून घ्या.

खडूफळा

औंधला दुजोरा. वही-पेन्सिल न्या, मोबाईल खिशात ठेवा. साड्या राहू देत, फक्त हात काढून आणा.

मिरजमिरची

क्लासचं उत्तर राहिलंच की. आणि हे शेवटी खडूच ना? चार वर्षांत उडून जाणार. लोक पैसे कशाला देतील?

रेघोट्या

क्लासबद्दल: वर्षभराच्या फाउंडेशनपेक्षा एखाद्या कला महाविद्यालयात मॉडेल बसवून स्केचिंग चालतं तिथे बाहेरच्यांना बसू देतात का हे विचारा. वहिनींना रंग शिकवायची गरज नाही, रेषेला सराव हवा. एवढंच.

खडू उडून जाण्याबद्दल: व्हेनिसची रोझाल्बा कारिएरा अठराव्या शतकात पेस्टलमध्ये माणसांचे, मुख्यतः बायकांचे चेहरे करायची. तंबाखूच्या डब्यांच्या झाकणांवर बारीक चित्रं काढणारी ही बाई पेस्टलच्या जोरावर १७२० मध्ये पॅरिसच्या अकादमीची सभासद झाली. चित्रकार लिओतारचं चॉकलेटचा ट्रे घेतलेल्या मुलीचं पेस्टल साधारण १७४४ चं आहे, ड्रेस्डेनला. अजून ताजं दिसतं. पेस्टलमध्ये तेल नाही, त्यामुळे ते तैलचित्रासारखं पिवळं पडत नाही की तडकत नाही. त्याला मुख्य भीती दोन, हात लागण्याची आणि ओलीची. स्वस्त कांड्यांतले काही गुलाबी-जांभळे उन्हात फिकट होतात. वहिनींचा सगळा संसार जांभळ्यावर, म्हणून निदान तेवढ्या कांड्या चांगल्या कंपनीच्या सुट्ट्या घ्या. एक तुकडा कागदावर ओढून, अर्धा झाकून, दक्षिणेच्या खिडकीत ठेवून द्या. काही आठवड्यांनी फरक कळतो.

फिक्सेटिव्ह (भुकटी धरून ठेवणारा फवारा) शेवटच्या थरावर भसाभसा मारू नका, रंग गडद आणि मंद होतात. मारायचाच तर मधल्या थरांवर, लांबून, हलका. हेअर स्प्रे नको. आणि वहिनी, भुकटी फुंकू नका, श्वासात जाते. चित्र किंचित पुढे झुकवून ठेवा, खाली कागदाची पन्हळ करा, झटकायचं ते बाहेर जाऊन.

चौकट

मी मिरजेत फ्रेमिंग करतो, म्हणून बुरशीचं मी सांगतो. नदीकाठची ओल आणि आपल्याकडचे पावसाळे धरूनच बोलतो.

पहिली गोष्ट, काच चित्राला टेकता कामा नये. टेकली की ओल धरते, आणि निम्मी भुकटी काचेवर जाते. जाड माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी) घाला किंवा काच आणि कागद यांच्यात पट्ट्या टाकून फट ठेवा. दुसरं, खरी काच वापरा. अ‍ॅक्रिलिक हलकं असतं, पण पुसलं की त्याला वीज चढते आणि ते भुकटी ओढून घेतं. आमच्या धंद्यात नवीन पोरं इथंच फसतात. माउंटबोर्ड अ‍ॅसिड-फ्री मागा, साध्याने कडा तपकिरी होतात. मागून ब्राउन टेपने सगळीकडे बंद करा. टांगताना खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. बाहेरच्या, पावसाने भिजणाऱ्या भिंतीवर तर टांगूच नका.

फ्रेम न केलेली चित्रं एकावर एक रचायची तर मध्ये बटर पेपर, आडवी, माळ्यावर. पूर आला तर तळमजल्यावरचं काय होतं ते सांगलीकरांना सांगायला नको.

आधीच बुरशी आलेली असेल तर ओल्या फडक्याने पुसू नका. चित्र कोरड्या हवेशीर जागी वाळू द्या, मग मऊ कोरड्या ब्रशने फक्त ठिपके उचला. थोडा रंग जाईल, तो पुन्हा लावता येतो.

सावळी_सांगलीची

हे सगळं वहीत उतरवून घेतलं. आतापर्यंतचा फ्रेमवाला काच टेकवूनच देत होता. विचारलं तर म्हणाला, असंच असतंय.

क्लास आत्ता नाही. आधी हात. त्या शांत रंगांच्या दोन चित्रांवर परत बसले, उजेड एका बाजूने घेऊन जांभळा पुन्हा चढवला. एक सुधारलं. दुसऱ्याच्या खाचा भरल्यात, झाडून बघते, नाहीतर सोडून देते.

आयर्विन_पूल

नवीन फोटो टाकलेत, यावेळी जवळून. सातव्या फोटोतले हात जाऊबाईंचे, म्हणजे आमच्या सौ.चे. घरात पालेभाजी जरा जास्तच होतीये सध्या.

तिरकस

सातव्या फोटोतली करंगळी अजून लाकडी आहे, पण अंगठा चांगलाय. नाक बदललंय, हे नोंदवतो.

शर्टवाली विकायची आहे का? आमच्याकडे सोफा नाही.

सावळी_सांगलीची

आहे. पण आधी ती चौकटकडे जाईल, मग किंमत सांगते. चौकट दादा, दुकान रविवारी उघडं असतं का?

चौकट

रविवारी दुपारपर्यंत. येताना चित्र गुंडाळून आणू नका, दोन पुठ्ठ्यांत आडवं आणा.